ऑर्डर बाय देऊनही सभासदांच्या यादीचा क्रम स्थिर का राहत नाही?

मुलुंड_पूर्व (प्रश्न)

नमस्कार. मुलुंडमधल्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांच्या नोंदी, देखभाल-आकाराची देयके आणि थकबाकी यांसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा यांवर चालणारी एक लहानशी प्रणाली मी सांभाळते. संकुलात चार इमारती आणि सुमारे पाचशे सदनिका आहेत, म्हणजे माहितीचा पसारा फार मोठा नाही. सप्टेंबर संपण्याच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असल्यामुळे सभासदांची यादी छापण्याचे काम चालू आहे आणि ऐन वेळी यादीच्या क्रमाने घोळ घातला आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, सर्वांना सहज वाचता याव्यात म्हणून मी त्या देवनागरीतच लिहीत आहे.

पहिली अडचण इमारतवार थकबाकीची. «सिलेक्ट इमारत, सम(थकबाकी) फ्रॉम देयके ग्रुप बाय इमारत» ही क्वेरी आजवर अबोली, चाफा, प्राजक्त, बकुळ अशा वर्णानुक्रमाने निकाल देत होती. मायएसक्यूएलचा सर्व्हर ५.७ या आवृत्तीवरून ८.० वर नेल्यापासून चार ओळी कोणत्याही क्रमाने येतात. क्वेरीत मी एका अक्षराचाही बदल केलेला नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पडद्यावरची यादी पानाला पंचवीस सभासद याप्रमाणे «ऑर्डर बाय आडनाव लिमिट २५ ऑफसेट ...» अशी येते (ऑर्डर बाय म्हणजे क्रम कशाने लावायचा, लिमिट म्हणजे किती ओळी घ्यायच्या, ऑफसेट म्हणजे आधीच्या किती ओळी सोडायच्या). आमच्याकडे पाटील आडनावाचे सभासद बरेच असून ते दोन पानांत विभागले जातात. त्यांतले एक गृहस्थ दोन्ही पानांवर दिसतात आणि दुसऱ्या एक बाई कोणत्याच पानावर दिसत नाहीत. त्या बाई समितीच्या सदस्य असल्यामुळे ही गोष्ट लगेच उघडकीस आली, हे वेगळे सांगायला नको. त्यांची नोंद टेबलमध्ये व्यवस्थित आहे आणि सभासद क्रमांकाने शोधल्यास ती सापडते.

तिसरी अडचण मराठी वर्णक्रमाची आहे. छापील यादी «ऑर्डर बाय आडनाव, नाव» अशी घेतली, तर काळे हे कावळे, काशीकर आणि कासार यांच्या आधी येतात, क्षीरसागर हे क आणि ख यांच्या मध्ये बसतात, आणि ॲब्राहम हे यादीच्या अगदी शेवटी, ह च्याही पुढे जातात. गोऱ्हे आडनावाच्या सभासदांची पहिली नावे अनिलपासून विजयपर्यंत जातात आणि मग पुन्हा अ पासून सुरू होतात, जणू काही ती दोन वेगळी आडनावे आहेत. कॉलमचे कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या तुलनेचे नियम, यूटीएफ८एमबी४_बिन असे आहे. ते माझ्या आधी काम पाहणाऱ्यांनी ठरवलेले आहे.

चौथी अडचण सदनिका क्रमांकांची. १००२ हा क्रमांक २०३ च्या आधी येतो. हा कॉलम मजकुराच्या प्रकाराचा आहे, कारण त्यात «२०३ए» आणि «दुकान ४» अशाही नोंदी आहेत.

नोंदी भरताना त्या सभासद क्रमांकानेच भरल्या होत्या. मग टेबल तो क्रम लक्षात का ठेवत नाही, हाही एक भाबडा प्रश्न आहे.

विदागार (प्रतिसाद)

प्रश्न मुळीच भाबडा नाही. उरलेल्या सगळ्या अडचणींचे मूळ त्याच्यातच आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याचे रिलेशनल प्रतिमान मांडले, तेव्हाच त्यांनी ओळींचा क्रम गौण असल्याचे स्पष्ट लिहिले होते. टेबल हा ओळींचा संच आहे, आणि संचात पहिला, दुसरा, शेवटचा असे काही नसते. क्वेरी लिहिण्याच्या एसक्यूएल या भाषेने ही बाब पुढे जशीच्या तशी स्वीकारली. ऑर्डर बाय लिहिलेले नसेल, तर कोणत्या क्रमाने ओळी द्यायच्या याची डेटाबेसवर कोणतीही जबाबदारी नाही. जे हाती येईल ते, ज्या वाटेने स्वस्त पडेल त्या वाटेने, तो देतो. अनेक वर्षे ती वाट एकच राहते आणि आपल्याला वाटते की क्रम टेबलचाच आहे.

आपल्याच टेबलवर हे पाहता येईल. मायएसक्यूएलची इनोडीबी ही साठवण-यंत्रणा टेबलच्या ओळी प्राथमिक किल्लीच्या (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमच्या, इथे सभासद क्रमांकाच्या) क्रमाने साठवते, त्यामुळे «सिलेक्ट * फ्रॉम सभासद» ही क्वेरी बहुधा सभासद क्रमांकानेच ओळी देईल. आता इमारत या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असेल, तर नुसते «सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम सभासद» असे विचारून पाहा. दुय्यम इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत प्राथमिक किल्ली असतेच. पूर्ण टेबल वाचण्यापेक्षा तो लहानसा इंडेक्स वाचणे स्वस्त पडत असल्यामुळे मायएसक्यूएल पुष्कळदा तोच वाचतो. मग आधी सगळी अबोली, नंतर सगळा चाफा अशा क्रमाने सभासद क्रमांक येऊ लागतात. टेबल तेच, ओळी त्याच. मागितलेले कॉलम तेवढे कमी झाले आणि क्रम बदलला.

पहिल्या अडचणीचे कारणही हेच आहे. ५.७ पर्यंत मायएसक्यूएल ग्रुप बाय करताना त्या कॉलमवर क्रमवारीही लावून देत असे, न मागता. ८.० मध्ये ही सवलत काढून टाकली गेली, कारण अनेकांना नको असलेल्या क्रमवारीचा भार सगळ्यांच्या क्वेरींवर पडत होता. आपल्या जुन्या क्वेरींत कुठे «ग्रुप बाय इमारत डेस्क» (डेस्क म्हणजे उतरता क्रम) असे लिहिलेले असेल, तर तेही शोधून काढावे, कारण ८.०.१३ पासून ते व्याकरणच रद्द झाले आहे. तिथे क्रम बिघडणार नाही, थेट त्रुटी येईल, आणि माझ्या मते तेच बरे. उपाय एका ओळीचा आहे: ग्रुप बाय नंतर «ऑर्डर बाय इमारत» लिहावे.

पाटलांची गोष्ट थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण तिथे आपण ऑर्डर बाय दिलेले आहे आणि डेटाबेसने ते तंतोतंत पाळलेलेही आहे. आपण फक्त आडनावाने क्रम मागितला. सगळे पाटील आडनावाच्या बाबतीत बरोबरीत आहेत, म्हणून त्यांच्या आपसातल्या क्रमाबद्दल आपण काहीच सांगितलेले नाही. ऑर्डर बाय च्या कॉलममध्ये सारखीच मूल्ये असणाऱ्या ओळी सर्व्हर कोणत्याही क्रमाने देऊ शकतो, आणि लिमिट असताना व नसताना तो क्रम वेगळाही असू शकतो, हे मायएसक्यूएलच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे.

तो प्रत्यक्षात बदलतो कसा, हेही समजून घ्यावे. पंचवीस ओळींच्या पानासाठी सर्व्हर सगळ्या पाचशे ओळींची क्रमवारी लावत बसत नाही. तो मेमरीत एक प्राधान्य-रांग ठेवतो आणि ऑफसेट अधिक लिमिट इतक्याच ओळी तिच्यात राखतो. पुढची ओळ आली की रांगेतल्या सर्वांत मागच्या ओळीशी तुलना होते आणि दोघींपैकी एक बाहेर जाते. ही पद्धत बरोबरीतल्या ओळींचा मूळ क्रम जपत नाही. बाराव्या पानासाठी रांग तीनशे ओळींची होती, तेराव्यासाठी ती तीनशे पंचवीसची झाली. रांगेची लांबी बदलल्यामुळे पाटलांची आपसातली मांडणीही बदलली. प्रत्येक पान ही एक स्वतंत्र क्वेरी आहे आणि आधीच्या पानावर कोण येऊन गेले याची तिला काहीच माहिती नसते. त्यामुळे एक गृहस्थ दोनदा आले आणि बाई दोन्ही मांडण्यांत नेमक्या पानाच्या चुकीच्या बाजूला पडल्या.

म्हणून क्रम असा मागावा की कोणत्याही दोन ओळी बरोबरीत राहूच शकणार नाहीत: «ऑर्डर बाय आडनाव, नाव, सभासद_क्र». शेवटचा कॉलम वाचणाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक असला, तरी तो प्रत्येक ओळीत वेगळा आहे आणि म्हणून निर्णायक आहे. नाव जोडले की पुरे, असे समजू नये, कारण कोणत्याही संकुलात दोन संजय पाटील निघतातच.

वेगाची काळजी या आकाराला करूच नये. क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनमध्ये «युझिंग फाईलसॉर्ट» दिसले म्हणून अनेक जण घाबरतात. ते नाव फसवे आहे, त्यात फाईल असेलच असे नाही. पाचशे ओळी मेमरीतच मावतात.

शून्यवादी (प्रतिसाद)

विदागार यांनी सांगितलेले फक्त मायएसक्यूएलपुरते नाही, एवढे जोडतो. माझे रोजचे काम पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालते आणि तिथे हा भ्रम अधिक लवकर फुटतो. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ अपडेट केली की तिची नवी प्रत लिहिली जाते आणि ती पुष्कळदा टेबलमध्ये दुसऱ्याच जागी जाऊन बसते. परिणामी, एखाद्या सभासदाचा फोन क्रमांक दुरुस्त केला आणि क्रम न मागता यादी काढली, तर तो सभासद आपली जागा सोडून भलतीकडे दिसतो. मोठ्या टेबलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दुसरे कोणी आधीच तेच टेबल वाचत असेल, तर आपली क्वेरी त्याच्याबरोबर मधूनच वाचायला सुरुवात करते आणि सुरुवातीचा भाग शेवटी वाचते. अशा वेळी लागोपाठ दोनदा चालवलेली एकच क्वेरी वेगळ्या ओळीपासून सुरू होते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर काम करणाऱ्यांपैकी काहींनी व्ह्यूच्या (साठवून ठेवलेल्या क्वेरीच्या) आत «टॉप १०० पर्सेंट» लिहून ऑर्डर बाय बसवण्याची युक्ती वापरली होती. २००५ च्या आवृत्तीपासून ती क्रमवारी विचारातच घेतली जात नाही. व्ह्यूमध्ये किंवा आतल्या उपक्वेरीत क्रम लावून बाहेर त्याची अपेक्षा करणे कुठेच भरवशाचे नाही. क्रम सर्वांत बाहेरच्या सिलेक्टलाच मागावा.

माझ्या नावाला जागून नलबद्दलही, म्हणजे रिकाम्या मूल्याबद्दलही, सांगतो. सदनिकेचे हस्तांतरण अपुरे असल्यामुळे ज्यांची थकबाकीची तारीख रिकामी आहे, ते सभासद मायएसक्यूएलमध्ये चढत्या क्रमात सर्वांत आधी येतील आणि पोस्टग्रेस किंवा ओरॅकलमध्ये सर्वांत शेवटी. प्रमाण एसक्यूएलमध्ये «नल्स फर्स्ट» आणि «नल्स लास्ट» आहे, पण मायएसक्यूएलमध्ये ते नाही. तिथे «ऑर्डर बाय तारीख इज नल, तारीख, सभासद_क्र» असे लिहिल्यास रिकाम्या तारखा शेवटी जातात.

आडनावांच्या वर्णक्रमासाठी मात्र माझा सल्ला पोस्टग्रेसवर येण्याचा आहे. दहाव्या आवृत्तीपासून त्यात आयसीयू या तयार प्रोग्रामसंचाची कोलेशने वापरता येतात, त्यांत मराठीचेही आहे, आणि «एमआर-यू-केएन-ट्रू» या नावाने कोलेशन तयार केले, तर मजकुरातल्या अंकांची तुलनाही संख्या म्हणून होते. म्हणजे २०३ हा १००२ च्या आधी येतो आणि तिसरी व चौथी अशा दोन्ही अडचणी एकाच फटक्यात सुटतात.

अक्षरओळ (प्रतिसाद)

एका यादीसाठी संपूर्ण प्रणालीचा डेटाबेस बदलणे मला अतिरेकी वाटते, विशेषतः सभा तोंडावर आलेली असताना. शिवाय कोलेशन ही बाहेरच्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामसंचावर, सोपवलेली गोष्ट असली की तिचे वेगळे दुखणे असते. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत वर्णक्रमाचे नियम बदलले, आणि ज्यांनी नंतर लिनक्स अद्ययावत केले त्यांचे पोस्टग्रेसमधले मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले व तुलना नव्या क्रमाने होणारी अशा विचित्र अवस्थेत सापडले. आयसीयूतही आवृत्ती बदलल्यावर काळजी घ्यावीच लागते. असो.

मूळ कारण असे आहे. यूटीएफ८एमबी४_बिन हे कोलेशन अक्षरांची तुलना युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) तक्त्यातल्या क्रमांकांनी करते. देवनागरीच्या तक्त्यात ळ ला ल च्या लगेच पुढची जागा मिळालेली आहे, कारण तो तक्ता एकट्या मराठीसाठी बनलेला नाही. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. म्हणून काळे हे कावळ्यांच्या आधी गेले. क्ष हे तक्त्यात अक्षरच नाही. ते क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन चिन्हांनी लिहिले जाते, आणि हलन्त चिन्हाचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या पुढचा असल्यामुळे क्षीरसागर हे कौ ने सुरू होणाऱ्या आडनावांनंतर आणि खरे यांच्या आधी आले. ज्ञ ची गत तीच. ॲ हे अक्षर तक्त्यात २००८ मध्ये, युनिकोड ५.१ बरोबर आले आणि त्याला देवनागरी अंकांच्याही पुढची मोकळी जागा मिळाली, त्यामुळे ॲब्राहम शेवटच्या पानावर गेले.

कोलेशन बदलून यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय केले, तर ॲब्राहम अ च्या जवळ येतील, पण ळ आणि क्ष तिथेच राहतील, कारण ते कोलेशन सर्वसाधारण आहे आणि मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी खास असे कोलेशन नाही.

गोऱ्हे यांचे दोन गट पडण्याचे कारण कळफलकात आहे. हे आडनाव दोन प्रकारे टंकित होते. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त चिन्ह आणि मग ह असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त चिन्ह, त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह आणि मग ह असतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. आपल्या नोंदींत दोन्ही प्रकार आहेत की नाहीत हे पाहायचे असेल, तर «सिलेक्ट आडनाव, हेक्स(आडनाव), काउंट(*) फ्रॉम सभासद ग्रुप बाय आडनाव» असे चालवावे. गोऱ्हे दोन ओळींत येतील आणि त्यांचे हेक्स, म्हणजे साठवलेले सांकेतिक रूप, वेगळे असतील. युनिकोडच्या सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याच्या प्रक्रियेने) हा भेद जात नाही, तो आपल्यालाच काढावा लागतो. ॲ ची स्थिती अशीच आहे: काहींच्या नोंदीत ॲ असेल, काहींच्या अ वर चंद्र दिलेला असेल, आणि हिंदी कळफलक वापरणाऱ्यांच्या नोंदीत ऍ असेल.

माझा उपाय असा आहे की आडनाव जसे आहे तसेच ठेवावे आणि शेजारी «आडनाव_क्रम» असा एक साठवलेला, आपोआप गणला जाणारा कॉलम करावा. त्याचे कोलेशन बिनच राहू द्यावे. त्यात एकात एक गुंफलेल्या रिप्लेस फंक्शनांनी आधी झीरो विड्थ जॉइनर काढून टाकावा, नंतर ऱ च्या जागी र घ्यावा, ॲ आणि त्याची भावंडे यांच्या जागी साधा अ घ्यावा, आणि शेवटी ळ, क्ष व ज्ञ यांना नव्या जागा द्याव्यात. जागा कुठल्या, तर युनिकोडच्या तक्त्यात ह आणि काना यांच्यामध्ये चार खाने आहेत. त्यांत दोन काश्मिरीच्या मात्रा, एक नुक्ता आणि एक अवग्रह आहे. मराठी आडनावांत यांतले काहीही सहसा येत नाही. पहिला खाना ळ ला, दुसरा क्ष ला आणि अवग्रहाचा ज्ञ ला दिला, की साध्या बायनरी तुलनेतच ही अक्षरे ह च्या नंतर, पण मात्रांच्या आधी येतात. मात्रांच्या आधी येणे महत्त्वाचे आहे, नाहीतर कळसकर हे कामत यांच्या पुढे जातील.

हा कॉलम डोळ्यांनी वाचण्यासाठी नाही, त्यात काय दिसते याकडे दुर्लक्ष करावे. पायथनमधून आयसीयूचा मराठी कोलेटर वापरून क्रमवारीची किल्ली काढता येते आणि ती बायनरी कॉलममध्ये साठवताही येते. तो मार्ग अधिक शास्त्रशुद्ध आहे, पण आयसीयूची आवृत्ती बदलली की सगळ्या किल्ल्या पुन्हा काढाव्या लागतात. पाचशे आडनावांच्या यादीला रिप्लेसचा मार्ग पुरतो.

स्लो_लोकल (प्रतिसाद)

क्ष ह च्या पुढे न्यावा की क मध्येच ठेवावा, हे संस्थेने ठरवावे. क्षीरसागर मंडळी शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे शेवटी पाहतील, पण क्ष हा क आणि ष यांचा जोडच आहे, तेव्हा त्याला क मध्ये शोधणारे लोकही भेटतात. मी स्वतः तो क मध्येच ठेवीन. फक्त एक ठरवून सगळ्या याद्यांना तेच लावावे.

इमारतींच्या क्रमाबद्दल मात्र मला वेगळे सुचवायचे आहे. अबोली, चाफा, प्राजक्त, बकुळ हा वर्णानुक्रम खरोखर कोणाला हवा आहे? सूचनापत्रे वाटणारा कर्मचारी फाटकापासून आत जातो. त्याला वाटेत इमारती ज्या क्रमाने लागतात, त्या क्रमाने गठ्ठा मिळाला तर त्याचे काम सोपे होते. असा क्रम नावावरून काढता येत नाही. तो माहितीचा एक भाग आहे आणि म्हणून त्याला इमारतींच्या टेबलमध्ये स्वतःचा कॉलम हवा. क्वेरीत केस लिहून किंवा फील्ड फंक्शन वापरून तो बसवता येतो, पण मग प्रत्येक क्वेरीत तीच यादी पुन्हा लिहावी लागते आणि एखाद्या ठिकाणी ती चुकते.

हे क्रमांक १, २, ३ असे न देता १०, २०, ३० असे द्यावेत. पश्चिम रेल्वेची स्थानके कोणी एका टेबलमध्ये चर्चगेटपासून १, २, ३ अशी मांडली असती, तर डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर स्थानक सुरू झाल्यावर गोरेगावपासून पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागले असते. मध्ये अंतर ठेवले असते, तर नव्या स्थानकाला अधली संख्या देऊन काम भागले असते. याउलट २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तेव्हा नाव बदलूनही क्रमाला धक्का लागला नसता. क्रम नावापासून वेगळा ठेवण्याचा हाच फायदा आहे. पुनर्विकासाच्या दिवसांत आपल्या संकुलातही इमारती वाढू शकतात.

सदनिकांसाठी मजकुराचे तुकडे करावेत: प्रकार, क्रमांक आणि प्रत्यय. «२०३ए» मध्ये क्रमांक २०३, प्रत्यय ए. «दुकान ४» मध्ये प्रकार दुकान, क्रमांक ४. क्रमांकाचा कॉलम पूर्णांकाचा असावा. क्वेरीतच कास्ट करून पूर्णांक बनवण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. काही नोंदी देवनागरी अंकांत आणि काही रोमन अंकांत असतील, तर मायएसक्यूएलला देवनागरी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत आणि तो त्यांचे शून्य करतो. तशा सगळ्या सदनिका मग यादीच्या तोंडाशी गोळा होतात. तुकडे पायथनमध्ये करणे सोपे जाईल, कारण पायथनचे इंट हे फंक्शन देवनागरी अंकही बरोबर वाचते.

मुलुंड_पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. सभासद_क्र जोडल्यावर समितीच्या बाई आपल्या पानावर स्थिर झाल्या आहेत आणि गोऱ्हे यांचे दोन प्रकार हेक्समध्ये स्पष्ट दिसले. आडनाव_क्रम हा कॉलम तयार केला असून काळे आता कासारांच्या पुढे आहेत. क्ष बद्दल समितीला विचारले, त्यांनी एकमताने शेवट सुचवला. पूर्ण नावाने क्रम लावताना याच पद्धतीने नाव_क्रम हाही कॉलम करणार आहे. इमारतींच्या टेबलला फाटकापासूनचा क्रम दिला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. यादी पाहत असताना मध्येच नवा सभासद नोंदला गेला, तर पाने सरकतात आणि पुन्हा एखादी ओळ दोनदा दिसते. हे टाळता येते का? दुसरे असे की पडद्यावर वापरणाऱ्याने कोणत्या कॉलमने क्रम लावायचा ते निवडावे अशी सोय केली होती. निवडलेले नाव मी इतर मूल्यांप्रमाणेच पॅरामीटर म्हणून «ऑर्डर बाय %स» या ठिकाणी पाठवते. त्रुटी येत नाही, पण काहीही निवडले तरी क्रमात फरक पडत नाही.

विदागार

पहिल्या शंकेचे उत्तर असे की ऑफसेट ही मोजणी आहे, आणि मोजणीच्या आधीच्या भागात ओळ वाढली की पुढचे सगळे सरकते. ते टाळायचे असेल, तर पानाचा क्रमांक पाठवण्याऐवजी शेवटी दिसलेल्या ओळीची किल्ली पाठवावी आणि «व्हेअर आडनाव_क्रम > शेवटचे_आडनाव ऑर (आडनाव_क्रम = शेवटचे_आडनाव अँड सभासद_क्र > शेवटचा_क्र) ऑर्डर बाय आडनाव_क्रम, सभासद_क्र लिमिट २५» असे विचारावे. नाव_क्रम मध्ये घातल्यास अटीची आणखी एक पायरी वाढेल. ऑर्डर बाय मध्ये जितके कॉलम, तितके सगळे अटीत आले पाहिजेत, त्याच क्रमाने. या पद्धतीत थेट सतराव्या पानावर उडी मारता येत नाही, फक्त पुढे किंवा मागे जाता येते. आपल्याकडे रोज नवे सभासद येत नसल्यामुळे मी असतो तर ऑफसेटच ठेवला असता. ही पद्धत देयकांच्या टेबलसाठी राखून ठेवावी; तिथे दर महिन्याला ओळी वाढतात आणि मागच्या पानांसाठी ऑफसेटने टाकून द्यायच्या ओळीही वाढत जातात.

दुसऱ्या शंकेत डेटाबेस पुन्हा सांगितलेलेच करत आहे. पॅरामीटर म्हणून पाठवलेली गोष्ट मूल्य म्हणून जाते, कॉलमचे नाव म्हणून जात नाही. सर्व्हरपर्यंत «ऑर्डर बाय 'आडनाव'» असे अवतरणातले शब्द पोहोचतात. प्रत्येक ओळीसाठी ते मूल्य एकच, म्हणजे सगळ्या ओळी बरोबरीत, आणि मायएसक्यूएल त्याबद्दल तक्रारही करत नाही. यावर उपाय म्हणून वापरणाऱ्याकडून आलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवू नये, तो एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे बाहेरच्याने आपली आज्ञा क्वेरीत घुसवण्याचा, राजमार्ग आहे. पायथनमध्ये एक लहान शब्दकोश ठेवावा: «आडनाव» निवडले तर «आडनाव_क्रम, नाव_क्रम», «सदनिका» निवडली तर «इमारत_क्रम, प्रकार, क्रमांक, प्रत्यय», «थकबाकी» निवडली तर «थकबाकी डेस्क». शब्दकोशात नसलेले काही आले तर आडनावाचा पर्याय घ्यावा. या तिन्हींच्या पुढे सभासद_क्र मात्र निवडीवर न सोडता क्वेरी बनवणाऱ्या ओळीतच कायमचा जोडावा, कारण थकबाकी शून्य असलेले सभासद पाटलांपेक्षा कितीतरी जास्त असतील.